कमरेखाली चार बोटं

मी शाळेत खो-खो शिकवते. नाशिकच्या एका मराठी शाळेत बावीस वर्षं मुलींना पाटीवर नीट बसायला, खो मिळाला की उठून सुटायला आणि पडलं तर रडत न बसायला शिकवलं. मुलगी पडली की सांगायची, "मॅडम, पाय दुखतोय." माझं उत्तर ठरलेलं असायचं, "अख्खा पाय कधी दुखत नसतो. जिथं दुखतं तिथं एक बोट ठेव." मग ती डोळे पुसत घोट्यावर नाहीतर नडगीवर बोट ठेवायची आणि निम्मं रडणं तिथेच थांबायचं. माझ्यामागे मुली या वाक्याची नक्कल करायच्या. मला ते ठाऊक होतं आणि थोडं आवडतही होतं.

हे आधीच सांगून ठेवते, कारण जे दुखणं दोन महिन्यांत आटोक्यात आलं असतं ते मी अकरा महिने अंगावर वागवलं. त्यात डॉक्टरांची चूक थोडी आणि माझी जास्त. तुमच्यापैकी कोणी सध्या "कंबर, कंबर" करत पलंगावर आडवं असेल तर त्यांनी हे वाचावं, म्हणून लिहितेय.

खड्डा

लग्नसराईत आमच्या शाळेचं मैदान मांडवाला देतात. मांडववाले खांब काढून नेतात आणि खड्डे आमच्यासाठी ठेवून जातात. सराव सुरू करण्याआधी सगळं मैदान एकदा पायाखाली घालायचं आणि खड्डे बुजवायचे हा माझा नेम. त्या सोमवारी मला उशीर झाला आणि नेम चुकला. उलटं धावत मुलींना हुलकावणी कशी द्यायची ते दाखवत होते, आणि उजवा पाय खड्ड्यात गेला.

पडले नाही. पडले असते तर बरं झालं असतं, कोणीतरी उचलून दवाखान्यात नेलं असतं. टाचेतून एक दणका वर गेला आणि मागे कुठेतरी जाऊन बसला. मुली बघत होत्या, म्हणून मी हसून शिट्टी वाजवली.

आठवड्याभरात खुर्चीतून उठणं अवघड झालं. जिना चढताना उजवा पाय उचलायला नको वाटायचं. सलवारीत पाय घालायला भिंत धरावी लागे, कारण एका पायावर उभं राहिलं की कळ यायची. कूस बदलायची तर आधी मनाची तयारी करावी लागायची.

आमच्या घरात कंबरदुखीचा मान माझ्या सासूबाईंचा. आई मूळच्या नांदगावकडच्या, आयुष्यभर शेतात मजुरी केलेल्या, आता आमच्यासोबत जेलरोडच्या कॉलनीत राहतात. त्यांची कंबर माझ्या लग्नाआधीपासून दुखते. जमिनीवर मांडी घालून बसत नाहीत, खुर्चीच्या कडेला टेकतात. कॉलनीतल्या बायका दर वर्षी बस करून नागपूरला दीक्षाभूमीवर जातात, आई कधीच गेल्या नाहीत. "मह्या कंबरंला येवढा परवास झेपायचा नाय," म्हणतात आणि बस सुटेपर्यंत फाटकात उभ्या राहून सगळ्यांना जयभीम घालतात. माझंही दुखायला लागल्यावर मिलिंद, म्हणजे माझा नवरा, म्हणाला, "चला, घरात दोन कंबरा झाल्या. आता मी दुखायचं कुठं?" तेव्हा हसू आलं होतं.

कुठं दुखतं?

हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. चांगला माणूस, पण बाहेर चाळीस जण ताटकळलेले. मिलिंद शेजारच्या खुर्चीत.

"कुठं दुखतं?"

"कंबर."

मी पाठीमागे तळहात फिरवला, कुर्त्याच्या वरून, कमरेवर. त्यांनी तिथे दाबलं. "इथं?" थोडं दुखलंच. कोणाचीही दाबली तर दुखेल. "हो, तिथंच," मी म्हणाले.

आता खरं सांगते. दुखत होतं ते तिथून चार बोटं खाली, उजव्या बाजूला. कुल्ल्याच्या वरच्या अंगाला जिथे खळी पडते तिथे. हा शब्द कागदावर लिहायला मला सत्तेचाळीस वर्षं लागली. परक्या पुरुषासमोर, नवऱ्यादेखत, तिथे हात न्यायचा आणि वर बोलायचं, हे मला जमलं नाही. आमच्यात बाईच्या कमरेखाली एकदम पायच सुरू होतात, मधलं काही नसतंच. गंमत म्हणजे नववीच्या मुलींना शरीराची लाज बाळगू नका यावर तास घेणारी मीच. मुली ऐकून घेतात बिचाऱ्या.

एमआरआय झाला. मणक्याची एक गादी जरा सरकलेली निघाली. डॉक्टरांनी कंबर ऐकली होती, कंबर दाबली होती आणि फोटोतही कमरेत काहीतरी सापडलं. मला तर हायसंच वाटलं. दुखण्याला नाव मिळालं की माणूस निम्मा निवांत होतो, मग नाव चुकीचं का असेना.

वॉर्ड

मणक्यांना ताण द्यायचा म्हणून पाच दिवस भरती केलं. कमरेला पट्टा, पायाकडे वजनं. सकाळी सहाला चहा, सातला गाद्या झटकणं, दहाला डॉक्टरांची फेरी. फेरी म्हणजे पाच जण येणार, एक बोलणार आणि आपण "बरं आहे" म्हणणार. शेजारच्या खाटेवरच्या मनमाडच्या आजींचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. त्या दिवसभर मला विचारायच्या, "तुला नेमकं झालंय काय गं?" मी दर वेळी गादी सरकल्याचं सांगायचे आणि त्या दर वेळी म्हणायच्या, "पण तू तर कुशीवर जाताना रडती. माह्या भावाची गादी सरकली व्हती, तो खोकताना रडायचा." म्हाताऱ्या माणसाचं कोण ऐकतं. मी हसून सोडून दिलं.

एके दुपारी वॉर्डातल्या मावशी चादर बदलायला आल्या. मला कुशीवर वळताना पाहून त्यांनी न विचारता दोन गुडघ्यांच्या मध्ये एक उशी सरकवली. "असं झोपा, ताई." त्या दुपारी मी सलग तीन तास झोपले, कित्येक आठवड्यांनी. उशीने आराम का पडला, हे मला कळलं नाही आणि मी कोणाला विचारलंही नाही. त्या मावशींना एकदा भेटायला जायचंय.

घरी आले ती कमरेला जाड पट्टा बांधून. आराम करा, वाकू नका, मैदानावर जाऊ नका. महिन्यामागून महिने गेले. दुखणं हललं नाही, स्वभाव मात्र बिघडला. आई कडेकडेने टेकत, धरत, सगळा स्वयंपाक ओढत होत्या. ते बघून अपराधी वाटायचं आणि अपराधी वाटलं की मी त्यांच्यावरच खेकसायचे. मिलिंद सातपूरच्या कारखान्यात फिटर आहे. त्याला बिघाड दिसला की दुरुस्त करायचं असतं. त्याने ओट्याजवळ उंच स्टूल करून आणलं, जिन्याला दुसरा कठडा लावला. कठडा बघितल्यावर माझा बांध फुटला. "मला काय म्हातारी ठरवलंस का?" म्हणून मी ओरडले. त्याने पाना उचलला आणि शांतपणे उरलेले दोन बोल्ट पिळले.

दहाव्या महिन्यात डॉक्टर म्हणाले, आता ऑपरेशनचा विचार करू. तारीख दिली. मी एकच विचारलं, "नंतर मैदान?" ते म्हणाले, "उड्या, धावणं विसरा. बाकी सगळं करता येईल." मुख्याध्यापकांनी फोन करून आपुलकीने सांगितलं की ग्रंथालयाची जागा रिकामी आहे, काळजी करू नका. मला ग्रंथालयाचं वावडं नाही. पण ग्रंथालयाच्या खिडकीतून मैदान दिसतं. दुसरं कोणीतरी माझ्या मुलींना शिकवतंय आणि मी वह्यांना कव्हरं घालत ते बघतेय, हे चित्र डोळ्यांसमोरून जाईना. मला ऑपरेशनपेक्षा त्या खिडकीची भीती जास्त वाटत होती.

अंजुम

ऑपरेशनला आठ दिवस उरले असताना अंजुम भेटायला आली. अंजुम शेख, जुन्या नाशकातली, पंधरा वर्षांपूर्वी आमच्या संघाची कर्णधार. पडण्यात पटाईत होती आणि दर वेळी "मॅडम, पाय" म्हणून यायची. आता फिजिओथेरपिस्ट आहे, स्वतःचं छोटं क्लिनिक आहे. शाळेत भाचीला सोडायला गेली तेव्हा तिला माझं कळलं. पिशवीभर द्राक्षं घेऊन आली.

मी तिला पाणी द्यायला उठले. तिने माझं उठणं बघितलं. डावीकडे कललेली, दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर, उजवा पाय मागे. मी मुलींचं धावणं जसं बघते तसं ती बघत होती.

"मॅडम, दुखतं कुठं?"

"अगं, कंबर. गादी सरकलीय."

"अख्खी कंबर कधी दुखत नसते, मॅडम." ती अजिबात हसली नाही. "एक बोट ठेवा."

खोलीत मिलिंद होता. कोपऱ्यात आई मेथी निवडत होत्या. माझा हात वर झाला आणि सवयीने कमरेवर जाऊन थांबला. अंजुमने तो हात बघितला, मग मिलिंदकडे वळून म्हणाली, "भाऊ, चहा जमतो का तुम्हाला? आलं घालून?" मिलिंद आत गेला. तिने उठून मधला पडदा सरकवला.

"आता ठेवा."

मी बोट ठेवलं. चार बोटं खाली, उजवीकडे, खळीवर. इतकं नेमकं की ती जागा एका नाण्याखाली झाकली गेली असती. अंजुमने माझं बोट बाजूला करून तिथे स्वतःचा अंगठा दाबला आणि मी एवढी ओरडले की मिलिंद आतून म्हणाला, "काय सांडलं?"

"मॅडम, हे तुम्ही डॉक्टरांना दाखवलंत?"

"नाही."

"का?"

मी पडद्याकडे बघितलं. तिला कारण कळलं असावं, कारण तिने पुन्हा विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "मी घोटा दाखवायला लाजले असते तर तुम्ही माझी सालटी काढली असती."

आईंच्या हातातली मेथीची काडी थांबली होती. तेव्हा मी त्याकडे लक्ष दिलं नाही.

सांधा

पाठीचा कणा खाली जिथे कमरेच्या रुंद हाडांना मिळतो तिथे दोन बाजूंना एकेक सांधा असतो. त्याचं नाव सॅक्रोइलियाक. नाव पाठ व्हायला मला आठवडा लागला, आई अजूनही "तो सायकल जॉइंट" म्हणतात. शरीराचा सगळा भार तिथून पायांत उतरतो. माझा उजवा सांधा त्या खड्ड्याने दुखावला होता. त्याआधी बावीस वर्षं मी पाटीवरून दर वेळी त्याच पायावर जोर देऊन उठत आले होते, तेही होतंच. गादी सरकलेली होती हे खरं, पण अंजुमच्या म्हणण्यानुसार माझ्या वयाला खूप जणांची सरकलेली असते आणि त्यांना पत्ताही नसतो.

तिने मला तिच्या क्लिनिकमध्ये टेबलावर झोपवून पाय वाकवले, दाबले, चारच्या आकड्यासारखा पाय दुमडून गुडघा खाली रेटला. पाचातल्या चार तपासण्यांत मी टेबल सोडून उठले. मग तिने चिठ्ठी दिली आणि सांगितलं, आधी तुमच्याच डॉक्टरांकडे जा. तिथे बोट ठेवा.

गेले. या वेळी मिलिंदला बाहेर बसवलं. नर्सबाईंना आत थांबायला सांगितलं आणि डॉक्टरांसमोर पाठमोरी उभी राहून बोट ठेवलं. कान तापले होते. डॉक्टरांनी दाबलं, तपासलं, एमआरआय पुन्हा लावून बघितला.

"हे पहिल्यांदा का नाही दाखवलंत?"

"तुम्ही कमरेवर थांबलात आणि मीही तिथंच थांबले."

त्यांनी मान डोलावली. माणूस खरंच चांगला. रक्त तपासायला लावलं, सांध्याला सूज आणणारा दुसरा आजार नाही ना ते बघायला. तो नव्हता. मग म्हणाले, खात्री करून घेऊ. सांध्यात बधिर करणारं इंजेक्शन द्यायचं. दुखणं थांबलं तर चोर तिथलाच.

इंजेक्शन मशीनवर बघत बघत दिलं. सुई लांब होती, ते सांगून घाबरवत नाही, पण मी डोळे मिटून मुलींची हजेरी म्हणत होते. अर्ध्या तासाने डॉक्टर म्हणाले, "चला, जिना चढून दाखवा." मी कठडा धरला, उजवा पाय उचलला आणि कळ आलीच नाही. दुसरी पायरी. तिसरी. वरच्या मजल्यावर पोहोचले तेव्हा मिलिंद मागे दोन हात पसरून चढत होता, मी पडले तर झेलायला. मी तिथेच पायरीवर बसून रडले. अकरा महिन्यांत दुखण्याने रडले नव्हते तेवढी त्या दिवशी न दुखल्याने रडले.

ऑपरेशन रद्द झालं.

सावकाश

इंजेक्शनचा असर ओसरला आणि दुखणं परत आलं, हेही सांगायला हवं. पण आता ते अनोळखी नव्हतं. पट्टा कमरेवरून खाली उतरला, नितंबांभोवती, जिथे तो पहिल्यापासून हवा होता. दिवसातून दोनदा व्यायाम. पाठीवर झोपून कमरेखालचा भाग उचलायचा, कुशीवर झोपून गुडघा उघडायचा. बघायला सोपे आणि करायला महाकंटाळवाणे. गुडघ्यांमध्ये उशी. एका पायावर उभं राहणं बंद, सलवार बसून घालायची. अंजुम मला शिस्तीत ठेवते. "आज नाही झाले" म्हटलं की ती माझ्याच सुरात म्हणते, "कारणं घरी ठेवून यायची." या मुली काही विसरत नाहीत.

पहिले दोन महिने एक पाऊल पुढे, एक मागे. चौथ्या महिन्यात मी पाटीवर बसले. उठले डाव्या पायावर जोर देऊन, जरा वेड्यासारखी, पण उठले. मुलींनी टाळ्या वाजवल्या आणि मी त्यांना दोन फेऱ्या जास्त पळवलं. उड्या मारत नाही आणि हुलकावणी आता आठवीतली एक चुणचुणीत मुलगी दाखवते. मी शिट्टी वाजवते. ग्रंथालयाची खिडकी मैदानातूनच बघते, तीही लांबून. आणि मांडववाल्यांनी खड्डे बुजवल्याशिवाय त्यांना फाटकातून जाऊ देत नाही. त्यांनी मला काय नाव ठेवलंय ते मला माहीत आहे.

इथे थांबले असते. पण मग खरं ते राहून गेलं असतं.

आई

एका दुपारी मी सतरंजीवर व्यायाम करत होते. मिलिंद पहिल्या पाळीला गेलेला. आई नेहमीसारख्या खुर्चीच्या कडेला टेकून माझ्याकडे बघत होत्या. मला सहज वाटलं, म्हणून म्हणाले, "आई, तुमचाही तोच सांधा असेल. अंजुमला दाखवू. तुम्ही बोट ठेवा बघू."

"ऱ्हाऊ दे माय. या वयात काय बोट ठेवती."

"ठेवा तर."

त्या उठल्या, घरात आम्ही दोघीच असूनही जाऊन दाराला आतून कडी लावली. परत आल्या. मी त्यांच्या पाठीकडे जायला लागले तर त्यांनी मला थांबवलं. त्यांचा हात मागे गेलाच नाही. पुढून, निऱ्यांवर, ओटीपोटाच्या खाली त्यांनी हात ठेवला.

"अंग भाईर येतं," त्या म्हणाल्या. "बसलं की लय तरास व्हतो. मिलिंद झाला तव्हापासून."

मिलिंद पन्नाशीचा आहे.

मी सतरंजीवरच बसून राहिले. बावीस वर्षं ही बाई माझ्या घरात खुर्चीच्या कडेला टेकत होती आणि मी तिला कमरेला लावायचं तेल आणून देत होते. माझे अकरा महिने मला फार मोठे वाटत होते. मी त्यांचे पाय धरले. त्या म्हणाल्या, "येडी का काय तू? ऊठ, तुहा सायकल जॉइंट दुखंल."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि त्यांना बाईडॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तपासलं, गर्भाशय खाली सरकलंय म्हणाल्या आणि दोन उपाय सांगितले. एक ऑपरेशन, आणि ते नको असेल तर आत बसवायची एक रबरी रिंग, दर काही महिन्यांनी तपासून घ्यायची. आई म्हणाल्या, रिंग. तिथल्या तिथे बसवली. चहा प्यायला जेवढा वेळ लागतो तेवढाच लागला.

रिक्षात बसताना त्या सवयीने कडेला टेकल्या. मग जरा मागे सरकल्या. अजून जरा. पाठ पूर्ण टेकवून बसल्या, थेट बिटको चौक येईपर्यंत.

"येवढंच व्हतं का गं?" त्यांनी विचारलं.

मी त्यांचा हात धरला. खरं म्हणजे एवढंच होतं.

घरी आल्यावर त्यांनी मेथीची जुडी घेतली आणि सतरंजीवर मांडी घालून बसल्या. मिलिंद पाळीवरून आला, दारातच थबकला, त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी त्याला डोळ्यांनी गप्प केलं. आईंनी वर न बघताच सांगितलं, "बशीवाल्या बायांकडं जा. यंदा नागपूरला महं नाव लिवायला सांग. खिडकीची जागा म्हणावं."